पचनसंस्थेतला कॅन्सर कोणत्या पेशीत सुरू होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जठराचा कॅन्सर, आतड्याचा कॅन्सर, लिव्हरचा कॅन्सर ही नावं अवयवांवरून पडली आहेत. बायोप्सीचा रिपोर्ट मात्र अवयवाच्या नावावर थांबत नाही. आजार कोणत्या पेशीतून उठला हे तो सांगू पाहतो, कारण औषध कोणतं, ऑपरेशन करायचं का, पुढे काय होऊ शकतं, यातलं बरंचसं त्यावर ठरतं. रिपोर्ट हातात घेऊन पॅथॉलॉजीच्या दारात येणारे नातेवाईक आम्हाला जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. यातली काही माहिती माणसांच्या ऊतींवरून मिळालेली आहे, काही उंदरांवरच्या प्रयोगांतून. दोन्हींत फरक आहे, म्हणून जिथे गरज आहे तिथे तसं सांगितलं आहे.

अवयव एकच, मग कॅन्सरचे इतके प्रकार कसे?

जठराचंच उदाहरण घेऊ. जठराच्या भिंतीचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यात कितीतरी जातींच्या पेशी दिसतात. वरच्या अस्तरात चिकट स्राव करणाऱ्या, आम्ल तयार करणाऱ्या, पाचकरस बनवणाऱ्या ग्रंथींच्या पेशी असतात. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या संप्रेरकं सोडणाऱ्या पेशी असतात. खाली स्नायूंचे थर, आणि त्या स्नायूंना आकुंचनाची लय देणाऱ्या काहाल पेशी. शिवाय जुना जंतुसंसर्ग असेल तर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे पुंजके.

यातल्या प्रत्येक जातीतून वेगळा आजार उठतो. ग्रंथींच्या अस्तरातून अ‍ॅडिनोकार्सिनोमा, संप्रेरकांच्या पेशींतून न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, लिम्फोसाइटमधून लिम्फोमा, काहाल पेशींच्या कुळातून जिस्ट. जठराचे बहुतेक कॅन्सर पहिल्या प्रकारचे असतात आणि त्यांना शस्त्रक्रिया व केमोथेरपी लागते. पण जठरातला माल्ट लिम्फोमा सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल, तर बऱ्याच रुग्णांत जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्यांनीच गाठ विरघळते. जिस्टला इमॅटिनिबची गोळी चालते. एकाच पिशवीतले हे आजार आहेत, आणि उपचारांत इतकं अंतर आहे.

कॅन्सर खरंच एका पेशीतून सुरू होतो का?

बहुतेक वेळा, हो. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे रुडॉल्फ व्हिरको यांनी १८५८ मध्ये ठामपणे मांडलं. कॅन्सरच्या पेशीही बाहेरून येत नाहीत, त्या आपल्याच पेशींच्या वंशज असतात. आता गाठीच्या वेगवेगळ्या भागांतल्या पेशींचा डीएनए वाचता येतो. सगळीकडे काही बदल समान सापडतात, काही बदल ठराविक कोपऱ्यातच सापडतात. समान बदल सर्वांत जुने, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक पूर्वज पेशीत झालेले. ती पूर्वज पेशी मूळ कोणत्या जातीची होती, हे शोधणं याहून अवघड आहे. कारण गाठ दिसेपर्यंत त्या पेशीला आणि तिच्या पहिल्या पिढ्यांना जाऊन अनेक वर्षं झालेली असतात.

मोठ्या आतड्यात सुरुवात नेमकी कुठे होते?

इथली माहिती सर्वांत भक्कम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोठ्या आतड्याचं अस्तर वरून सपाट दिसतं, पण त्यात परीक्षानळीच्या आकाराचे बारीक खळगे असतात. त्यांना क्रिप्ट म्हणतात. एका माणसाच्या मोठ्या आतड्यात अशा क्रिप्ट एक कोटीच्या घरात असतात. प्रत्येक क्रिप्टच्या तळाशी मोजक्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. त्या विभागतात, नव्या पेशी सरकत्या जिन्यावर उभ्या राहिल्यासारख्या वर जातात, जाताना त्यांचं काम ठरतं, आणि चार-पाच दिवसांत वर पोचून त्या गळून पडतात. शरीरात इतक्या झपाट्याने स्वतःला बदलणाऱ्या ऊती फार थोड्या आहेत.

आता विचार करा. वरच्या एखाद्या पेशीच्या डीएनएत आज बिघाड झाला तर? आठवडा संपायच्या आत ती पेशीच आतड्यातून बाहेर पडलेली असेल. बिघाड टिकायचा तर तो अशा पेशीत व्हायला हवा, जी जागा सोडत नाही. ती पेशी म्हणजे तळाची मूळपेशी.

हा तर्क जुना होता, पण मूळपेशी ओळखायची खूण हातात नव्हती. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी एलजीआर५ ही खूण दाखवली. दोन वर्षांनी त्याच गटाने उंदरांवर निर्णायक प्रयोग केला. त्यांनी एपीसी नावाचं जनुक एकदा फक्त एलजीआर५ असलेल्या मूळपेशींत बंद केलं, आणि एकदा वर सरकणाऱ्या, थोडेच दिवस विभागणाऱ्या पेशींत. मूळपेशींत बंद केल्यावर तीन ते पाच आठवड्यांत भराभर वाढणाऱ्या गाठी तयार झाल्या. वरच्या पेशींत बंद केल्यावर सूक्ष्म गाठी झाल्या खऱ्या, पण त्या तिथेच अडल्या. तीस आठवड्यांनंतरही मोठी गाठ क्वचितच सापडली. म्हणजे जनुकातला बिघाड एकच, पण तो कोणाच्या वाट्याला आला यावर पुढचं सगळं ठरलं.

एपीसी जनुक बिघडलं की काय होतं?

क्रिप्टच्या तळाशी आजूबाजूच्या पेशींकडून विभागत राहण्याचा रासायनिक इशारा मिळतो. तो इशारा पेशीत बीटा-कॅटेनिन या प्रथिनामार्फत पोचतो. पेशी वर सरकते तसा इशारा विरतो आणि एपीसीच्या मदतीने बीटा-कॅटेनिन मोडून टाकलं जातं. विभागणी थांबते. एपीसीच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तर ही मोडतोड होत नाही. पेशी इशाऱ्याच्या टापूबाहेर गेली तरी आपण तळाशीच आहोत असं वागते. मोठ्या आतड्याच्या सुमारे ८० टक्के कॅन्सरमध्ये एपीसी बिघडलेलं सापडतं.

पॉलिप म्हणजे कॅन्सर का?

नाही. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला उंचवटा. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपमधूनच पुढे येतो.

पॉलिपची स्लाइड पाहताना आमचं लक्ष पहिल्यांदा जातं ते सीमारेषेवर. एका बाजूला नेहमीच्या क्रिप्ट असतात. रांगेत, सारख्या अंतरावर, चिकट स्रावाने भरलेल्या फिकट पेशी आणि तळाशी नीट बसलेली छोटी गोल केंद्रकं. त्याच क्रिप्टच्या शेजारी, कधी एकाच क्रिप्टच्या मध्यावर, चित्र एकदम बदलतं. केंद्रकं लांबट, गडद जांभळी, एकमेकांवर दाटीने चढलेली. फिकट थेंब नाहीसे झालेले. ही झाली अ‍ॅडिनोमाची, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या पॉलिपची, सुरुवात. या पेशींनी खालचा पातळ स्नायूचा पडदा भेदून सबम्युकोसा या थरात प्रवेश केला, की मगच आम्ही मोठ्या आतड्यात त्याला कॅन्सर म्हणतो.

१९९० मध्ये एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी या प्रवासाचा जनुकीय क्रम मांडला. साधारणपणे एपीसी आधी बिघडतं, मग केरास, मग एसमॅड४ आणि पी५३ यांसारखी जनुकं. हा क्रम प्रत्येक रुग्णात जसाच्या तसा नसतो, पण एक गोष्ट टिकून राहिली आहे. अ‍ॅडिनोमापासून कॅन्सरपर्यंत जायला सहसा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासताना, पॉलिप काढून टाकले की कॅन्सर टळतो, तो याच मोकळ्या काळामुळे. पन्नाशीनंतर शौचातून रक्त गेलं की 'मूळव्याधच असणार' म्हणून वर्ष-दोन वर्षं मलम लावत बसणारी माणसं पाहिली की फार वाईट वाटतं. हा मौल्यवान काळ तिथे वाया जातो.

दरवेळी मूळपेशीच दोषी असते का?

असं ठामपणे म्हणता येत नाही. आतड्याच्या पेशींचं एक वैशिष्ट्य गेल्या काही वर्षांत स्पष्ट झालंय, ते म्हणजे त्या मागे फिरू शकतात. किरणोत्सर्गाने किंवा दाहाने मूळपेशी मेल्या तर वर निघालेल्या काही पेशी पुन्हा तळाची भूमिका घेतात. जखम भरायला हे उपयोगी आहे, पण त्यातच धोकाही आहे. २०१३ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दाहाशी जोडलेली एनएफ-कॅप्पाबी ही यंत्रणा जोरात चालू असताना मूळपेशी नसलेल्या पेशीही मागे फिरून गाठ तयार करताना दिसल्या. अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा दाह अनेक वर्षं राहिलेल्या रुग्णांना नियमित कोलोनोस्कोपी का सांगतात, हे समजून घ्यायला यातून मदत होते.

माणसांतही एक वेगळी वाट सापडली आहे. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात सेरेटेड नावाचे चपटे पॉलिप होतात. कोलोनोस्कोपीत ते सहज निसटतात. त्यांत एपीसीऐवजी बहुधा ब्रॅफ जनुक बदललेलं असतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये अशा पॉलिपच्या एकेका पेशीचा अभ्यास केला. त्या पेशींत जठराच्या अस्तरासारखी लक्षणं दिसली. त्यांचा निष्कर्ष असा, की हे पॉलिप तळाच्या मूळपेशींतून वर येत नाहीत, तर पृष्ठभागाजवळच्या, काम ठरलेल्या पेशींनी इजेनंतर रूप बदलल्यामुळे सुरू होतात.

लहान आतडं कितीतरी लांब आहे, मग कॅन्सर मोठ्या आतड्यातच जास्त का?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे. लहान आतडं सुमारे सहा मीटर, मोठं जेमतेम दीड मीटर. तरीही लहान आतड्याचा कॅन्सर दुर्मीळ.

२०१५ च्या जानेवारीत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या क्रिस्टियान टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन यांनी वेगवेगळ्या ऊतींतल्या मूळपेशी आयुष्यभरात किती वेळा विभागतात आणि तिथे कॅन्सर किती होतो, याची तुलना केली. माणसाच्या मोठ्या आतड्यात मूळपेशींच्या एकूण विभागण्या लहान आतड्यापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. उंदरांत नेमकं उलट आहे. त्यांच्या लहान आतड्यात विभागण्या जास्त, आणि त्यांना गाठीही तिथेच जास्त होतात.

हे एकच कारण नाही. लहान आतड्यातून अन्न लवकर पुढे सरकतं, मोठ्या आतड्यात मळ तासन्‌तास राहतो, आणि तिथे जिवाणूंची संख्या प्रचंड असते. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं द्रव्य सोडतात, ते डीएनएला इजा करतं. २०२० मध्ये क्लेव्हर्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या सूक्ष्म नमुन्यांत हे जिवाणू पाच महिने पुन्हा पुन्हा सोडले. डीएनएवर उमटलेला ठसा मग त्यांना आतड्याच्या कॅन्सरच्या खऱ्या रुग्णांतही सापडला.

म्हणजे कॅन्सर निव्वळ नशिबाचा खेळ आहे?

२०१५ च्या त्या अभ्यासाच्या बातम्या 'दोन तृतीयांश कॅन्सर नशिबाने होतात' अशा छापून आल्या. अभ्यासात तसं म्हटलेलं नव्हतं. एका ऊतीत कॅन्सर जास्त आणि दुसऱ्या ऊतीत कमी का, या फरकापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग विभागण्यांच्या संख्येशी जुळतो, एवढंच त्यात होतं. एखाद्याला कॅन्सर का झाला, याचं ते उत्तर नाही. तंबाखू, दारू, हेपटायटिस बी यांचा वाटा त्यामुळे कमी होत नाही.

अन्ननलिकेत दोन वेगळे कॅन्सर होतात, ते कसे?

अन्ननलिकेचं अस्तर त्वचेसारखं चपट्या पेशींच्या थरांचं असतं. सर्वांत खालच्या, बेसल थरातल्या पेशी विभागून वरचे थर तयार करतात. या अस्तरातून स्क्वेमस सेल कार्सिनोमा होतो, आणि भारतात अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये हाच जास्त दिसतो. तंबाखू ओढणं, तंबाखू आणि सुपारी चघळणं, दारू ही त्याची मोठी कारणं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी अजून घराघरात आहे, आणि 'दातांसाठी लावते' असं म्हणणाऱ्या बायकांना तो तंबाखूच आहे हे सांगावं लागतं. ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेय पिण्याची सवय बहुधा कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं.

दुसरा प्रकार अ‍ॅडिनोकार्सिनोमा. तो ग्रंथींच्या पेशींतून होतो. पण अन्ननलिकेच्या अस्तरात तशा पेशी नसतातच! वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की काही लोकांत खालच्या टोकाचं चपट्या पेशींचं अस्तर जाऊन तिथे आतड्यासारख्या उंच पेशी येतात. याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात, आणि हा कॅन्सर त्यातून उठतो.

त्या उंच पेशी येतात कुठून, यावर खूप वाद झाला. चपट्या पेशींनी रूप बदललं, अस्तराखालच्या ग्रंथींतून आल्या, गर्भावस्थेतल्या उरलेल्या पेशींतून आल्या, जठरातून वर सरकल्या, अशी चारही मतं होती. नॉर्मन बॅरेट या सर्जनने १९५० मध्ये हा भाग म्हणजे छातीत ओढलं गेलेलं जठरच आहे असं लिहिलं होतं, आणि १९५७ मध्ये मत बदलून ती अन्ननलिकाच आहे हे मान्य केलं. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एकेका पेशीचा अभ्यास करून दाखवलं, की या पेशींचं नातं जठराच्या अगदी वरच्या भागातल्या, कार्डियातल्या पेशींशी जुळतं. जागा अन्ननलिकेची, पण पेशी जठराच्या कुळातली, असं आताचं चित्र आहे.

मला कायम अ‍ॅसिडिटी असते. मला कॅन्सर होईल का?

बहुतेकांना होत नाही. अ‍ॅसिडिटी असलेल्या थोड्याच लोकांना बॅरेट्स होतो, आणि पेशींत डिस्प्लेझिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा बिघाड, नसेल तर बॅरेट्स असलेल्या शंभर लोकांमागे वर्षाला एकापेक्षाही कमी जणांना कॅन्सर होतो. मात्र घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा उलटीतून रक्त येत असेल तर अँटासिड घेत थांबू नका, दुर्बिणीतून तपासणी करून घ्या.

जठराच्या कॅन्सरची सुरुवात जंतूने होते हे खरं का?

बऱ्याच प्रमाणात. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी वाढवून दाखवला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, हा जंतू माणसात कॅन्सर घडवतो असं अधिकृतपणे मान्य झालं होतं.

जंतू स्वतः पेशीला एका फटक्यात कॅन्सरची करत नाही. पेलायो कोरेया यांनी मांडलेला क्रम असा: दीर्घ दाह, मग ग्रंथींची झीज, मग जठरात आतड्यासारखं अस्तर, मग डिस्प्लेझिया, आणि शेवटी कॅन्सर. याला दशकं लागतात, आणि जंतू असलेल्या बहुतेक लोकांत हा प्रवास पूर्ण होत नाही. सुरुवातीची पेशी ग्रंथीच्या मानेजवळची मूळपेशी, की पाचकरस बनवणारी आणि इजेनंतर मागे फिरलेली पेशी, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

याखेरीज एक विखुरलेला प्रकार असतो. त्यात पेशी एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडेरिन हे प्रथिन हरवतं. मग गाठ दिसत नाही, सुट्या पेशी भिंतीत झिरपत जातात आणि जठर कडक होतं. हे प्रथिन बनवणारं सीडीएच१ जनुक वंशपरंपरेने बिघडलेलं असू शकतं, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून समजलं. ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आपली तरुण माणसं गमावत होती, आणि हा शोध लागावा म्हणून ती स्वतः संशोधकांसोबत उभी राहिली.

स्वादुपिंडाचा कॅन्सर इतक्या उशिरा का सापडतो?

नेहमी दिसणारा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांसारखा दिसतो, म्हणून तो नलिकांच्या पेशींतूनच येतो असं बरीच वर्षं गृहीत होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत वेगळं आढळलं. पाचकरस बनवणाऱ्या असिनर पेशी दाहामुळे नलिकेसारखं रूप घेतात, आणि त्यांत केरास बदललेलं असेल तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. प्रौढ उंदरात दाहाशिवाय हे क्वचितच घडलं. माणसांत दोन्ही वाटा शक्य आहेत. ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत केरास बदललेलं सापडतं.

२०१० मध्ये सात रुग्णांच्या गाठींच्या डीएनएवरून काळाचा हिशेब मांडला गेला. पहिल्या बदलापासून कॅन्सरची पहिली पेशी तयार व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ, आणि तिच्यातून पसरण्याची क्षमता यायला आणखी किमान पाच वर्षं. म्हणजे वेळ होता. कमी आहे ती या काळात आजार दाखवणारी चाचणी. पोटात खोलवर बसलेल्या या अवयवाचा तुकडा सहज घेता येत नाही, आणि सुरुवातीला दुखतही नाही.

'न्यूरोएंडोक्राइन' म्हणजे मेंदूचा आजार का?

नाही. इरफान खान यांनी २०१८ मध्ये स्वतःच्या आजाराविषयी सांगितलं तेव्हा अनेकांना तसं वाटलं होतं. या पेशी आतड्यात, जठरात, स्वादुपिंडात, फुफ्फुसात विखुरलेल्या असतात आणि संप्रेरकं सोडतात. त्यांच्या गाठी बऱ्याचदा हळू वाढतात, पण काही फार आक्रमकही असतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे, आणि केआय-६७, म्हणजे किती पेशी विभागत आहेत याची खूण, पाहावंच लागतं.

सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठी दिसल्या. हा लिव्हरचा कॅन्सर आहे का?

अनेकदा नसतो. मोठ्या आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, त्यामुळे आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी तिथे सहज पोचतात. यकृतात वाढल्या तरी त्या पेशी आतड्याच्याच राहतात आणि उपचारही आतड्याच्या कॅन्सरचेच होतात. आयएचसी, म्हणजे पेशींतली ठराविक प्रथिनं रंगवून त्यांचं कूळ ओळखण्याची तपासणी, करतात ती यासाठी. सीके२० आणि सीडीएक्स२ पॉझिटिव्ह आणि सीके७ निगेटिव्ह असेल, तर बोट सहसा मोठ्या आतड्याकडे जातं.

यकृतातच उठणारा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा बहुतांशी यकृताच्या मुख्य पेशींतून, हिपॅटोसाइटमधून येतो. पित्तनलिकांच्या अस्तरातून येतो तो कोलँजिओकार्सिनोमा. हिपॅटोसाइट एरवी शांत असतात. हेपटायटिस बी, सी किंवा दारू यांनी त्या मरत राहिल्या की उरलेल्यांना सतत विभागावं लागतं. त्यातून सिरॉसिस, म्हणजे यकृत वणांनी कडक होणं, होतो आणि चुकांची संधी वाढते. हेपटायटिस बीचा विषाणू तर स्वतःचा डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना या विषाणूची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांतला यकृताचा कॅन्सर स्पष्टपणे घटला. बाळ जन्मल्यावर २४ तासांत द्यायचा डोस चुकवू नका, असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

अफ्लाटॉक्सिनचा धोकाही इथलाच. शेंगदाणे आणि मक्यावर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचं हे विष पी५३ जनुकात २४९ क्रमांकाच्या जागी ठराविक बदल घडवतं. बुरशीचे, काळपट, खवट लागणारे दाणे भाजून कूट करू नका. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही.

जिस्ट म्हणजे काय?

जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत, अस्तराखाली वाढणारी गाठ. पूर्वी ती स्नायूची समजली जायची. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी तिच्यात किट जनुकातला बदल दाखवला आणि तिचं नातं काहाल पेशींशी जोडलं. २००२ मध्ये इमॅटिनिबला अमेरिकेत जिस्टसाठी मान्यता मिळाली. पेशीची ओळख पटली आणि चार वर्षांत गोळी हाती आली. रिपोर्टमध्ये सीडी११७ किंवा डॉग१ पॉझिटिव्ह दिसलं, तर ते याविषयी असतं.

जनुकात बदल सापडला म्हणजे कॅन्सर झालाच का?

नाही. निरोगी आतड्याच्या मूळपेशीतही वर्षाला सुमारे ४० बदल साचतात. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सँगर संस्थेने दाखवलं, की पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या निरोगी मोठ्या आतड्यातल्या सुमारे एक टक्का क्रिप्टमध्ये कॅन्सरला हातभार लावू शकणारा बदल आधीच असतो. अन्ननलिकेत तर मध्यम वयात अर्ध्याहून अधिक अस्तर बदललेल्या पेशींनी व्यापलेलं असू शकतं. त्यांत नॉच१ जनुकातला बदल कॅन्सरपेक्षा निरोगी अस्तरातच जास्त सापडतो. एका बदलाने कॅन्सर होत नाही, आणि बदललेल्या बहुतेक पेशी आयुष्यभर गपगुमान राहतात.

घरात दोघा-तिघांना आतड्याचा कॅन्सर झालाय. आम्ही काय समजायचं?

दोन आजारांचा विचार होतो. एफएपीमध्ये एपीसीची एक प्रत जन्मतःच प्रत्येक पेशीत बिघडलेली असते. मग कोट्यवधी क्रिप्टपैकी कुठेही दुसरी प्रत गेली की पॉलिप सुरू होतो. त्यामुळे तरुणपणीच शेकड्यांनी, हजारांनी पॉलिप होतात. लिंच सिंड्रोममध्ये पॉलिप मोजकेच असतात, पण डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असल्याने ते लवकर कॅन्सरकडे जातात. अशा घरांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही दिसतो, म्हणून आईकडचा आणि वडिलांकडचा, दोन्हीकडचा इतिहास सांगा.

हाच दुरुस्तीतला दोष गाठीत सापडला तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचा, मार्ग खुला होतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये असा दोष असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या बाराही रुग्णांत, फक्त डोस्टारलिमॅब या औषधाने, गाठ पूर्ण दिसेनाशी झाली. म्हणून मोठ्या आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरमध्ये हा दोष शोधणारी एमएमआर किंवा एमएसआय तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा.

कॅन्सरची मूळपेशी मारली की आजार संपेल का?

सुरुवात करणारी पेशी आणि आज गाठ चालवणारी पेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये दोन गटांनी आतड्याच्या गाठींतल्या एलजीआर५ असलेल्या पेशी निवडून मारल्या. गाठ थबकली, पण बाकीच्या पेशींतून काही मागे फिरल्या आणि गाठ पुन्हा वाढली. उंदरांतल्या एका प्रयोगात यकृतात पसरलेल्या गाठींना मात्र याच पेशींची जास्त गरज दिसली. औषधाच्या दृष्टीने ही वाट अजून प्रयोगांतच आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहायचं?

पहिली ओळ अवयवाची असते, ती सगळे वाचतात. त्याखाली पेशीचा प्रकार, ग्रेड, किती थरांपर्यंत गेलाय, आणि आयएचसीच्या खुणा असतात. 'मेटाप्लेझिया' म्हणजे अस्तराने रूप बदललंय, तो कॅन्सर नाही. 'लो ग्रेड डिस्प्लेझिया' हाही कॅन्सर नाही, पण पाठपुरावा हवा. 'हाय ग्रेड' असेल तर तातडीने डॉक्टरांशी बोला.

आणि कागद जपता तसे स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही, म्हणजे बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ठोकळेही, जपा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला गेलात की ते पहिल्यांदा हेच मागतात. ब्लॉक हाती असेल तर नव्या आयएचसी किंवा जनुकीय तपासण्या त्याच तुकड्यावर होऊ शकतात, आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही. ब्लॉक ठेवलेल्या लॅबला तसा लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, आणि उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.